‘बेल्लिस्सिमो’ म्हणजे सर्वांत सुंदर नव्हे

प्रश्न असा आला आहे. इटालियनच्या ए-टू पातळीची (सुरुवातीपासून दुसरी पायरी) तयारी करणाऱ्या एकाने सरावाच्या निबंधात लिहिलं, “रोमा ए ला चित्ता प्यू बेल्लिस्सिमा द’इतालिया”. त्याला म्हणायचं होतं, रोम हे इटलीतलं सर्वांत सुंदर शहर. शिक्षिकेने ‘बेल्लिस्सिमा’ खोडून तिथे साधं ‘बेल्ला’ केलं. त्याचं म्हणणं असं, की पुस्तकात तर -इस्सिमो लावलं की ‘सुपरलेटिव्ह’ होतं असंच छापलंय, मग चुकलं काय? शिवाय ‘ब्वोनिस्सिमो’ आणि ‘ओत्तिमो’ या दोन्हींचा अर्थ ‘फार चांगला’, मग फरक कोणता? आणि ‘सिम्पातिको’चं (मनमिळाऊ) ‘सिम्पातिचिस्सिमो’ होतं, मग ‘स्तान्को’चं (दमलेला) ‘स्तान्चिस्सिमो’ का होत नाही?

पुण्यात गेली बावीस वर्षं मी इटालियन शिकवते आणि हे वाक्य थोड्याफार फरकाने मला दर बॅचमध्ये भेटतं. चुकीचं मूळ इटालियनमध्ये नाहीच, ते आपल्या शाळेतल्या इंग्रजीच्या तासात आहे. ‘गुड-बेटर-बेस्ट’ घोकून घोकून आणि ‘डिग्री बदला’चे पाच मार्क मिळवून आपल्या डोक्यात तीन पायऱ्यांची शिडी पक्की बसलेली असते. सगळ्यात वरची पायरी म्हणजे सुपरलेटिव्ह. इटालियन व्याकरणात मात्र ‘सुपरलातीवो’ दोन आहेत, रेलातीवो आणि आस्सोलूतो, आणि ते एकाच पायरीवर उभे नाहीत. पहिल्याचा अर्थ ‘सर्वांत सुंदर’, दुसऱ्याचा ‘फार सुंदर, अतिशय सुंदर’. इंग्रजी बाजूला ठेवून मराठीतून विचार केलात तर घोटाळा व्हायला जागाच नाही. ‘ही पोर वर्गात सर्वांत खूप हुशार आहे’ असं कोणी मराठी माणूस बोलतो का? ‘प्यू बेल्लिस्सिमा’ इटालियन कानाला अगदी तसंच लागतं.

मी स्वतः ही चूक उलट्या बाजूने केली होती. इटलीतल्या पेरूजा शहरात शिकायला होते तेव्हा ज्या सिन्योराच्या घरी खोली घेतली, तिचं घर खरोखर जुनं होतं. दगडी जिना, हातभर जाडीच्या भिंती. तिला खूश करावं म्हणून मी म्हटलं, “सिन्योरा, ला सूआ काझा ए ला प्यू आन्तीका!” मला म्हणायचं होतं, किती जुनं आहे हो तुमचं घर. तिने भांडी पुसता पुसता फडकं खांद्यावर टाकलं आणि बोटांवर मोजायला लागली: “देल्ला वीया? दी पेरूजा? देल्ल’उम्ब्रिया? देल मोन्दो?” गल्लीतलं, पेरूजातलं, उंब्रिया प्रांतातलं, की जगातलं? ‘इल प्यू’, ‘ला प्यू’ म्हटलं की इटालियन माणूस पुढच्या ‘कशात?’ची वाट बघतो. ज्यांच्यातून निवडायचं तो घोळका आधीच ठाऊक असेल तर वगळता येतो, पण मनात तरी असावा लागतो. मला हवा होता तो शब्द ‘आन्तिकिस्सिमा’. त्याला कोणाशी तुलना करायची नसते.

आता रेलातीवो कसा बनतो ते बघू. आर्टिकल, मग ‘प्यू’ (किंवा ‘सर्वांत कमी’साठी ‘मेनो’), मग विशेषण. ‘प्यू’ कधीच बदलत नाही, विशेषण नामाप्रमाणे बदलतं. लिहिताना त्याच्या शेवटच्या ‘यू’ अक्षरावरची तिरकी रेघ विसरू नका. इथे सगळं ओझं आर्टिकलवर आहे आणि नेमकं आर्टिकल मराठीत नाही. म्हणून आपली मुलं ते बिनदिक्कत गाळतात. “आन्ना ए प्यू ब्रावा” म्हणजे आन्ना (कोणापेक्षा तरी) जास्त हुशार. “आन्ना ए ला प्यू ब्रावा” म्हणजे आन्ना सर्वांत हुशार. एवढ्याशा ‘ला’वर पहिला नंबर अवलंबून. तसंच ‘ऊन लीब्रो प्यू बेल्लो’ म्हणजे (याहून) अधिक सुंदर असं एखादं पुस्तक, आणि ‘इल लीब्रो प्यू बेल्लो’ म्हणजे सर्वांत सुंदर ते पुस्तक.

दुसरी बाब आर्टिकल कुठे नि किती वेळा, ही. ‘सर्वांत जुना वाडा’ म्हणायला ‘इल पालात्सो प्यू आन्तीको’ किंवा ‘इल प्यू आन्तीको पालात्सो’, दोन्ही बरोबर. पण ‘इल पालात्सो इल प्यू आन्तीको’ नाही. फ्रेंच शिकून इटालियनकडे आलेली मुलं हमखास असं दुहेरी आर्टिकल लावतात, कारण फ्रेंचमध्ये तसंच लागतं. फ्रेंच न आलेल्यांचा इथे फायदा आहे.

तिसरी बाब मात्र खास आपली, मराठी माणसाची. आपण ‘जगात सर्वांत उंच’, ‘इटलीत सर्वांत लांब’ म्हणतो, म्हणजे सप्तमी वापरतो. म्हणून हात आपोआप ‘इन’कडे जातो: ‘इन इतालिया’, ‘नेल मोन्दो’. इटालियनमध्ये इथे ‘दी’ लागतो, जो मुळात षष्ठीचा (‘द’इतालिया’, ‘देल’ यांत तोच आहे). मी वर्गात सांगते, ‘जगात’ नका म्हणू, ‘जगातला’ म्हणा. त्या ‘-तला’मध्ये ‘चा’चा भाव आहे आणि तोच ‘दी’ मागतो. “इल पो ए इल फ्यूमे प्यू लुन्गो द’इतालिया”, पो ही इटलीतली सर्वांत लांब नदी, 652 किलोमीटर. “इल काळसूबाई ए ला मोन्तान्या प्यू आल्ता देल महाराष्ट्र”, आपलं 1646 मीटरचं काळसूबाई. माणसांच्या किंवा वस्तूंच्या घोळक्यातून निवड असेल तर ‘त्रा’ किंवा ‘फ्रा’ चालतं: ‘ला प्यू जोवाने फ्रा ले सोरेल्ले’, बहिणींमध्ये सर्वांत लहान.

‘सर्वांत मोठ्यांपैकी एक’ हे वर्तमानपत्री वळण इटालियनमध्येही आहे आणि तिथे विशेषण अनेकवचनात जातं: “इल लागो माज्जोरे ए ऊनो देई लागी प्यू ग्रान्दी द’इतालिया”. या तळ्याच्या नावाची एक गंमत आहे. ‘माज्जोरे’ म्हणजे ‘अधिक मोठं’, थोरलं. नावावरून कोणालाही वाटेल की हेच इटलीतलं सर्वांत मोठं तळं. पण तो मान गार्दा तळ्याचा, साधारण 370 चौरस किलोमीटरचा. माज्जोरे सुमारे 212. शेजारच्या छोट्या तळ्यांमध्ये ते थोरलं, इतकंच. परत तेच, ‘कशात?’

रेलातीवोच्या मागे ‘के’ लावून वाक्य आलं तर क्रियापद कोन्जुन्तीवोमध्ये (मत, शंका, भावना यांसाठीच्या वेगळ्या रूपात) जातं: “ए इल फिल्म प्यू बेल्लो के आब्ब्या माई वीस्तो”, मी आजवर पाहिलेला सर्वांत सुंदर चित्रपट. बोलताना बरेच इटालियन ‘के हो माई वीस्तो’ म्हणून मोकळे होतात. ए-टूला हा नियम फोडून शिकायची गरज नाही. ‘के आब्ब्या माई’ हा तुकडा मंत्रासारखा पाठ करा, कोन्जुन्तीवोचा धडा येईल तेव्हा त्याचा उलगडा होईल.

आता आस्सोलूतो, म्हणजे -इस्सिमो. पुस्तकांत याचे पाच-सहा उपनियम असतात: शेवटचा स्वर काढा, ‘सी-ओ’ असेल तर हे करा, ‘जी-ओ’ असेल तर ते, ‘आय-ओ’ असेल तर आणखी काही. मी ते शिकवणं कधीच सोडलं. एकच युक्ती पुरते: विशेषणाचं पुल्लिंगी अनेकवचन घ्या आणि त्याला ‘-स्सिमो’ चिकटवा. बेल्ली, बेल्लिस्सिमो. ग्रान्दी, ग्रान्दिस्सिमो. ‘सिम्पातिको’चं अनेकवचन ‘सिम्पातिची’, म्हणून ‘सिम्पातिचिस्सिमो’. ‘स्तान्को’चं ‘स्तान्की’, म्हणून ‘स्तान्किस्सिमो’. प्रश्नकर्त्याच्या तिसऱ्या शंकेचं उत्तर एवढंच आहे. रोमन लिपीत ‘क’ टिकवायला मध्ये ‘एच’ घुसवावा लागतो, त्यामुळे नियम अवघड वाटतो. देवनागरीत लिहून पाहा, क राहिला की च झाला एवढंच दिसतं. ‘लुन्गो’, ‘लुन्गी’, ‘लुन्गिस्सिमो’ (आपल्या लुंगीशी संबंध नाही, पण एकदा हसलात की विसरणार नाही). ‘वेक्क्यो’ म्हणजे म्हातारा, ‘वेक्की’, ‘वेक्किस्सिमो’. ‘पीओ’ म्हणजे भाविक, त्याचं अनेकवचन ‘पीई’, म्हणून ‘पिइस्सिमो’त दोन इ.

मग अनेकवचनात क राहणार की च होणार हे कसं ओळखायचं? बहुतेक वेळा आघातावरून. ‘स्तान्को’, ‘आन्तीको’ यांत आघात शेवटून दुसऱ्या स्वरावर आहे, तिथे क टिकतो. ‘सिम्पातिको’, ‘प्रातिको’ यांत तो शेवटून तिसऱ्यावर, तिथे च होतो. अपवाद आहेत. ‘कारिको’ (लादलेला, भरलेला) आघात मागे असूनही ‘कारिकी’ होतो, तर ‘ग्रेको’चं ‘ग्रेची’. पण नव्वद टक्के गाडी या नियमावर चालते.

-इस्सिमो लागलं की विशेषणाची जातच बदलते, हे लक्षात न राहिल्याने मार्क जातात. ‘जेन्तीले’ (सौजन्यशील), ‘फेलीचे’ (आनंदी), ‘ग्रान्दे’ (मोठा) ही एकारान्त विशेषणं स्त्री-पुरुष दोघांना सारखीच. पण -इस्सिमो लावताच चार रूपं होतात: जेन्तिलिस्सिमो, जेन्तिलिस्सिमा, जेन्तिलिस्सिमी, जेन्तिलिस्सिमे. ‘ऊना सिन्योरा जेन्तीले’ बरोबर, पण ‘ऊना सिन्योरा जेन्तिलिस्सिमे’ चूक. उच्चाराचं म्हणाल तर जोर ‘लिस्’वर आणि जोडाक्षर ठणकावून. इथे मराठी माणसाला शाबासकी द्यायला हवी. ‘कला’ आणि ‘कल्ला’ यांतला फरक आपल्या जिभेला जन्मजात कळतो, त्यामुळे ‘स्स’ आपल्याला शिकवावा लागत नाही.

काही विशेषणांना लॅटिनमधून आलेलं -एर्रिमो लागतं: ‘चेलेब्रे’चं (प्रसिद्ध) ‘चेलेबेर्रिमो’, ‘आक्रे’चं (जहाल) ‘आचेर्रिमो’. कट्टर शत्रूला ‘नेमीको आचेर्रिमो’ म्हणतात. वाचताना ओळखू आलं की झालं, वापरायच्या फंदात पडू नका.

‘ब्वोनिस्सिमो’ की ‘ओत्तिमो’, हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण त्याचं उत्तर आपल्या ‘उत्तम’ शब्दात आहे. ‘उत्तम’ म्हणजे उद् अधिक तम, अक्षरशः ‘सर्वांत वरचा’. म्हणजे हा तमभावच, सुपरलेटिव्हच होता. पण आज ‘चहा उत्तम झालाय’ म्हणताना आपण कुठल्या स्पर्धेचा निकाल लावत नसतो. तो तम झिजून ‘फार छान’ एवढाच उरला. म्हणून तर खऱ्या पहिल्या नंबरासाठी ‘सर्वोत्तम’ घडवावा लागला. लॅटिनमधल्या ‘ऑप्तिमुस’चं नेमकं हेच झालं. तिथे त्याचा अर्थ ‘सर्वांत चांगला’ होता, इटालियनमध्ये येईतो ‘ओत्तिमो’ म्हणजे ‘फार चांगला’ झाला आणि पहिल्या नंबरासाठी ‘इल मिल्योरे’ वेगळा उभा राहिला. दोन्ही शब्दांचा पहिला भाग वेगळा आहे, पण ‘ऑप्तिमुस’मधला ‘-तिमुस’ आणि आपला ‘-तम’ एकाच मुळाचे आहेत. म्हणून ‘ओत्तिमो’ला ‘उत्तम’ समजा आणि ‘प्यू ओत्तिमो’, ‘मोल्तो ओत्तिमो’, ‘ओत्तिमिस्सिमो’ या वाटेला जाऊ नका. (‘श्रेष्ठतम’ म्हणणाऱ्यांनी कृपया मराठीतही हात आवरावा. ‘श्रेष्ठ’मध्ये एक तमभाव आधीच बसलेला आहे.)

वापरात फरक असा: ‘ब्वोनिस्सिमो’ जिभेचा आणि जिव्हाळ्याचा शब्द आहे. खाणं, वास, मायाळू माणूस यांना तो लागतो. ‘ओत्तिमो’त पारखून दिलेल्या शेऱ्याचा सूर आहे. इटालियन शाळांत शेरेसुद्धा ‘ओत्तिमो, दिस्तिन्तो, ब्वोनो, सुफ्फिच्येन्ते’ असे असतात. वाइनला दोन्ही चालतात. काम, कल्पना, निकाल यांना ‘ओत्तिमो’च शोभतो. ‘कात्तीवो’कडून (वाईट) येणारा ‘पेस्सिमो’ असाच, पण तो जास्त खरमरीत, जपून वापरा. ‘मास्सिमो’ (कमाल) आणि ‘मीनिमो’ (किमान) बहुतेक आकडे, मर्यादा, तापमान यांच्याजवळ राहतात. घराच्या आकाराला ‘ग्रान्दिस्सिमा’ म्हणा. ‘माज्जोरे’ आणि ‘मिनोरे’ मात्र रोज लागतात, कारण ‘सोरेल्ला माज्जोरे’ म्हणजे थोरली बहीण आणि ‘सोरेल्ला मिनोरे’ म्हणजे धाकटी. आणि ‘प्यू मिल्योरे’ हा गुन्हा आपल्याकडच्या ‘मोअर बेटर’इतकाच मोठा.

इतकं शिकल्यावर मुलं प्रत्येक विशेषणाला -इस्सिमो लावत सुटतात आणि त्यांचं बोलणं तीन मिनिटांत गोडमिट्ट होतं. इटालियन माणूस ‘फार’ सांगायला बाकीही वाटा वापरतो. ‘मोल्तो’ आहेच. शब्द दुणावणं आहे: ‘प्यानो प्यानो’ म्हणजे हळूहळू. ‘स्त्रा-’ हा उपसर्ग आहे: खूप मुरवलेल्या चीजवर ‘स्त्रावेक्क्यो’ लिहिलेलं असतं आणि प्रचंड बहुसंख्येला ‘स्त्राग्रान्दे माज्जोरान्त्सा’ म्हणतात.

पण खरी मौज जोडीच्या शब्दांत आहे. मराठीत आपण पांढराशुभ्र, काळाकुट्ट, हिरवागार, लालभडक म्हणतो. प्रत्येक विशेषणाचा जोडीदार ठरलेला असतो. ‘लालशुभ्र’ म्हणून चालत नाही. इंग्रजीतून इटालियन शिकणाऱ्याला हे एकेक पाठ करावं लागतं, आपल्याला ते घरचं वाटतं. पावसात चिंब भिजलात तर ‘बान्यातो फ्रादिचो’, आणि फ्रादिचो म्हणजे मुळात कुजलेला. दमून मेलात तर ‘स्तान्को मोर्तो’, शब्दशः ‘दमलेला मेलेला’. बाई बोलत असेल तर दोन्ही शब्द बदलून ‘स्तान्का मोर्ता’. बस खचाखच भरलेली असेल तर ‘प्येनो त्सेप्पो’. कोरी करकरीत वस्तू ‘न्वोवो दी त्सेक्का’, टाकसाळीतून आत्ता पडलेल्या नाण्यासारखी. प्रेमात आकंठ बुडालेला ‘इन्नामोरातो कोत्तो’, म्हणजे शिजलेला. गडगंज श्रीमंत ‘रिक्को स्फोन्दातो’, ज्याच्या तिजोरीला बूडच नाही असा. यांतले दोन-तीन वेळेवर तोंडात आले, की समोरचा इटालियन ‘कुठे शिकलात?’ विचारतोच.

उत्साहात इटालियन लोक नामांनाही -इस्सिमो लावतात. सायकलपटू फाउस्तो कोप्पी, ‘जिरो द’इतालिया’ ही इटलीची सायकल शर्यत पाच वेळा जिंकलेला, त्यांचा ‘कांप्योनिस्सिमो’. नाट्यगृहातली पुढच्या रांगेतली महागडी खुर्ची ‘पोल्त्रोनिस्सिमा’. उलट -इस्सिमो लागलेलं विशेषण नाव होऊन बसतं, असंही घडतं: व्हेनिसचं प्रजासत्ताक 1797मध्ये संपलं, पण त्या शहराला आजही ‘ला सेरेनिस्सिमा’ (अतिशय शांत) म्हणतात. हे शब्द घडवायचं काम मात्र त्यांच्यावरच सोडा.

‘बहुतेक’चाही एक खड्डा आहे. इंग्रजीत ‘मोस्ट पीपल’ असतं म्हणून मुलं ‘ले प्यू पेर्सोने’ असं काहीतरी जुळवतात. मराठीत ‘सर्वांत’ वेगळा आणि ‘बहुतेक’ वेगळा, तसंच इटालियनमध्येही. बहुतेक लोक म्हणजे ‘ला माज्जोर पार्ते देल्ला जेन्ते’, किंवा थोडक्यात ‘ई प्यू’.

शेवटचा मुद्दा पत्रांचा, कारण आपल्याकडून मिलान-तोरिनोला शिकायला जाणारी मुलं पहिली ईमेल लिहितानाच अडकतात. माझ्या एका विद्यार्थ्याने कधीही न भेटलेल्या प्राध्यापकाला ‘कारिस्सिमो प्रोफेस्सोरे’ लिहून पाठवलं. त्याचा हिशोब सरळ होता: कारो म्हणजे प्रिय, म्हणून कारिस्सिमो म्हणजे जास्तीत जास्त आदर. पण ‘कारिस्सिमो’ जवळच्या मित्राला लिहितात. अनोळखी गुरुजींना ‘लाडक्या सर’ म्हटल्यासारखं झालं. (बाजारात ‘कारिस्सिमो’ म्हणजे ‘भलतंच महाग’, तेही त्याला नंतर कळलं.) पहिल्या पत्रात ‘जेन्तीले प्रोफेस्सोरे’ किंवा ‘जेन्तीले प्रोफेस्सोरेस्सा’ सुरक्षित. एकदोन पत्रांनंतर ‘जेन्तिलिस्सिमो’, ‘जेन्तिलिस्सिमा’ चालतं, त्याने सूर थोडा मऊ होतो. औपचारिक अर्जात प्राध्यापकाला ‘क्यारिस्सिमो’ लिहायची पद्धत आहे. हा ‘कारिस्सिमो’ नव्हे, ‘क्यारो’ म्हणजे तेजस्वी, ख्यातनाम याच्यावरून आला. एका ‘य’ने लाडक्या सरांचे परमविद्वान सर होतात, तेव्हा पाठवण्याआधी स्पेलिंग दोनदा तपासा. कुलगुरूंना तर ‘मान्यीफिको रेत्तोरे’ लिहितात, आपल्या ‘राजमान्य राजेश्री’च्या थाटात.

निबंधातलं वाक्य दोन तऱ्हांनी सुधारता येईल. रोमला पहिला नंबर द्यायचा असेल तर “रोमा ए ला चित्ता प्यू बेल्ला द’इतालिया”. नुसतं कौतुक करायचं असेल तर “रोमा ए ऊना चित्ता बेल्लिस्सिमा”, आणि इथे ‘ला’ऐवजी ‘ऊना’ आलं तेही बघा. परीक्षक फिरेन्त्सेचा, म्हणजे फ्लॉरेन्सचा असेल तर मी दुसरं लिहीन.